४४ राज्यं जिंकणाऱ्या राष्ट्राध्यक्षानं पुढची निवडणूक लढवायलाच नकार दिला, कारण होतं व्हिएतनामचं युद्ध

तारीख ३१ मार्च १९६८. रविवारची रात्र. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन टीव्हीवरून देशाशी बोलत होते. विषय नेहमीचाच, व्हिएतनाम. उत्तर व्हिएतनामच्या बऱ्याचशा भागावरचे बॉम्बहल्ले आपण थांबवतोय, चर्चेची तयारी आहे, असं त्यांनी सांगितलं. आता भाषण संपणार असं वाटत असतानाच जॉन्सन म्हणाले की, राष्ट्राध्यक्षपदासाठी मी पक्षाची उमेदवारी मागणार नाही आणि पक्षानं दिली तरी घेणार नाही.

देश चाट पडला. कारण हे तेच जॉन्सन होते, ज्यांनी १९६४ च्या निवडणुकीत ५० पैकी ४४ राज्यं जिंकली होती. ६१ टक्के मतं घेतली होती. असा माणूस साडेतीन वर्षांत निवडणूक न लढवताच बाजूला झाला. तब्येतीचं कारण होतं, त्यांना आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. पण मोठं कारण सगळ्यांना दिसत होतं. व्हिएतनामच्या युद्धानं त्यांचा डेमोक्रॅटिक पक्ष आतून दुभंगला होता आणि निवडणूक सात महिन्यांवर आली होती.

लोकांना नको असलेलं युद्ध चालू असतं आणि निवडणूक तोंडावर येते, तेव्हा सत्ताधारी पक्षात नेमकं काय होतं? हे समजून घ्यायचं तर १९६८ सारखं दुसरं उदाहरण नाही. म्हणूनच ही गोष्ट सुरुवातीपासून बघू.

आधी सगळे एकाच सुरात बोलत होते

ऑगस्ट १९६४ मध्ये अमेरिकेनं दावा केला की, टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर उत्तर व्हिएतनामनं दोनदा हल्ला केला. यातला दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे उघड झालं. पण तेव्हा जॉन्सन यांनी कारवाईसाठी संसदेकडे मोकळीक मागितली आणि ती मिळाली. हाऊसमध्ये ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोधात गेलेले दोघंही जॉन्सन यांच्याच पक्षाचे होते, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग. तेव्हा त्यांना फारसं कुणी विचारलं नाही.

१९६४ च्या शेवटी व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे साधारण २३ हजार सैनिक होते. १९६७ संपेपर्यंत हा आकडा पावणेपाच लाखांच्या पुढे गेला. लष्करभरती सक्तीची होती. कॉलेजात शिकणाऱ्या पोरांना सूट मिळायची, म्हणजे ज्याला कॉलेज परवडत नव्हतं त्याच्या घरी सरकारी कागद आधी यायचा. शवपेट्या घरी येऊ लागल्या आणि युद्धाची दृश्यं रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसू लागली.

आता तुम्ही म्हणाल, मग पक्षातल्या लोकांनी तेव्हाच आवाज का नाही उठवला?

कारण जॉन्सन हे नुसते युद्धवाले नेते नव्हते. वर्णभेदाविरुद्धचा १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा, म्हाताऱ्यांसाठीची मेडिकेअर योजना, हे सगळं त्यांनीच करून दाखवलं होतं. कामगार संघटना त्यांच्यासोबत होत्या, शहरांमधले मातब्बर नेते त्यांच्यासोबत होते. युद्धावर टीका केली तर ही सगळी कामं अडचणीत येतील, असं पक्षातल्या अनेकांना मनापासून वाटत होतं.

आणि ज्यांनी आतून सांगून बघितलं, त्यांचं काय झालं? खुद्द उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये जॉन्सन यांना एक गोपनीय टिपण लिहिलं. हे युद्ध वाढवू नका, लोकांना ते पटवून देता येणार नाही, असा त्याचा मुद्दा होता. परिणाम असा झाला की, पुढचे कित्येक महिने व्हिएतनामवरच्या बैठकांपासून हम्फ्री यांना लांब ठेवण्यात आलं. मग हम्फ्री यांनी सूर बदलला. ते देशभर फिरून युद्धाचं समर्थन करू लागले.

हे टिपण लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

साहेबांविरुद्ध उभं कोण राहणार?

१९६७ मध्ये ॲलर्ड लोवेन्स्टाइन नावाचा एक कार्यकर्ता देशभर फिरत होता. काम एकच, स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला आव्हान देणारा उमेदवार शोधायचा. तो रॉबर्ट केनेडींकडे गेला. केनेडी युद्धाच्या विरोधात होते, पण आपण उतरलो तर जॉन्सनवरच्या वैयक्तिक रागापोटी पक्ष फोडला असं लोक म्हणतील, ही त्यांना भीती होती. त्यांनी नकार दिला. जॉर्ज मॅकगव्हर्न यांनीही नाही म्हटलं.

शेवटी तयार झाले मिनेसोटाचे सिनेटर युजीन मॅकार्थी. नोव्हेंबर १९६७ मध्ये त्यांनी उमेदवारी जाहीर केली तेव्हा राजकीय पंडितांनी त्यांना फार मनावर घेतलं नाही.

मग जानेवारी १९६८ च्या शेवटी टेट हा व्हिएतनामी नववर्षाचा सण आला. सणाच्या काळातच उत्तर व्हिएतनामचं सैन्य आणि व्हिएतकाँगनं दक्षिणेतल्या शंभरावर शहरांवर आणि गावांवर एकाच वेळी हल्ला चढवला. सायगावमधल्या अमेरिकी दूतावासाच्या आवारातसुद्धा हल्लेखोर घुसले. लष्करी हिशोबात हा हल्ला अमेरिकेनं परतवून लावला. पण सरकार गेले काही महिने सांगत होतं की आपण जिंकत आलोय, आणि टीव्हीवर दिसत होतं ते वेगळंच. लोकांचा विश्वास उडाला तो इथं.

१२ मार्चला न्यू हॅम्पशायर राज्यात प्रायमरी होती. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण असावा यासाठी राज्यातल्या मतदारांनी केलेलं मतदान. आपल्याकडे तिकीट वरून येतं, तिथं निदान काही राज्यांत ते खालून ठरतं. मॅकार्थींसाठी कॉलेजची पोरं केस कापून, दाढ्या करून दारोदार फिरली, म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांनी दार तोंडावर लावू नये. निकाल आला. जॉन्सन यांना ४९ टक्क्यांहून थोडी जास्त मतं, मॅकार्थींना ४२ टक्के. जॉन्सन जिंकले खरे, पण विद्यमान राष्ट्राध्यक्षाला स्वतःच्या पक्षात अर्धीसुद्धा मतं मिळाली नव्हती.

यातली एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. नंतर अभ्यासकांनी मतदारांची मतं तपासली तेव्हा दिसलं की, मॅकार्थींना मत देणारे सगळे काही शांततावादी नव्हते. त्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की जॉन्सन युद्ध पुरेसं जोरात लढत नाहीत. म्हणजे एका गटाला युद्ध थांबायला हवं होतं, दुसऱ्याला ते एकदाचं जिंकून संपायला हवं होतं, आणि दोघांनीही राग काढला तो जॉन्सनवर. नावडतं युद्ध सत्ताधाऱ्याला दोन्हीकडून पोखरतं ते असं.

चार दिवसांनी केनेडीही रिंगणात उतरले. मॅकार्थींचे कार्यकर्ते भडकले, कारण सतरंज्या त्यांनी उचलल्या होत्या आणि आता सभेला केनेडी आले होते. म्हणजे युद्धविरोधकांमध्येच दोन गट पडले. आणि महिनाअखेर जॉन्सन यांनी ते भाषण केलं.

एकही प्रायमरी न लढता उमेदवार

जॉन्सन गेल्यावर प्रस्थापितांचे उमेदवार झाले हम्फ्री. पण त्यांनी एकही प्रायमरी लढवली नाही. गरजच नव्हती. त्या काळी पंधराच्या आसपास राज्यांतच प्रायमरी व्हायच्या. बाकीच्या राज्यांतले प्रतिनिधी स्थानिक पक्षनेते ठरवायचे आणि पक्षाच्या अधिवेशनात हे प्रतिनिधीच उमेदवार निवडायचे. हम्फ्री यांनी त्या नेत्यांना गाठलं. तिकडे केनेडी आणि मॅकार्थी एकेका राज्यात घाम गाळत होते.

४ एप्रिलला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. देशभर दंगली उसळल्या. ४ जूनला केनेडी कॅलिफोर्निया जिंकले आणि विजयाचं भाषण करून बाहेर पडताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ६ जूनला ते गेले.

म्हणजे ऑगस्टमध्ये पक्षाचं अधिवेशन शिकागोत भरलं तेव्हा चित्र असं होतं. जिथं जिथं लोकांनी मतं दिली होती, तिथं युद्धविरोधी उमेदवारांना भरभरून मतं पडली होती. आणि उमेदवारी मिळणार होती अशा माणसाला, ज्यानं लोकांकडे मत मागितलंच नव्हतं आणि जो युद्ध चालवणाऱ्या सरकारात क्रमांक दोनवर होता.

शिकागो: आत मतदान, बाहेर लाठ्या

अधिवेशनात खरी लढाई झाली ती जाहीरनाम्यातल्या व्हिएतनामवरच्या परिच्छेदावर. युद्धविरोधी गटाचं म्हणणं होतं की, उत्तर व्हिएतनामवरचे बॉम्बहल्ले बिनशर्त थांबवू असं पक्षानं लिहून द्यावं. हम्फ्री यांच्या माणसांनी दोन्ही बाजूंना चालेल असा मधला मसुदा तयार केला होता. जॉन्सन यांनी तो हाणून पाडला. निवडणुकीतून ते बाहेर पडले होते, पण पक्षावरची पकड त्यांनी सोडली नव्हती.

२८ ऑगस्टला मतदान झालं. सरकारच्या धोरणाच्या बाजूनं १,५६७ आणि शांततेच्या ठरावाच्या बाजूनं १,०४१. हरलेले प्रतिनिधी दंडाला काळ्या फिती बांधून सभागृहातच गाणी म्हणू लागले.

त्याच संध्याकाळी मिशिगन ॲव्हेन्यूवरच्या हिल्टन हॉटेलसमोर पोलिसांनी आंदोलकांना झोडपून काढलं. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी जवळपास १२ हजार पोलीस आणि वर नॅशनल गार्डचे हजारो जवान बंदोबस्ताला लावले होते. लाठ्या, अश्रुधूर, रक्तानं माखलेली पोरं, सगळं टीव्हीवर दिसत होतं. आत व्यासपीठावरून सिनेटर अब्राहम रिबिकॉफ यांनी पोलिसांच्या वागण्याची तुलना थेट हिटलरच्या गेस्टापोशी केली आणि समोर बसलेले डेली त्यांच्यावर हातवारे करत ओरडत होते. नंतर सरकारी आयोगाच्या अभ्यास गटानं या प्रकाराला पोलिसांनीच केलेली दंगल म्हटलं.

त्या रात्री हम्फ्री उमेदवार झाले. टीव्हीवर एकीकडे त्यांचं अभिनंदन, एकीकडे लाठीमार.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं

आता हम्फ्री यांची अडचण बघा. युद्धाचं समर्थन करत राहिले तर तरुण आणि युद्धविरोधी मतदार जाणार. युद्धावर टीका केली तर जॉन्सन चिडणार आणि त्यांच्यासोबत पक्षाची यंत्रणा हात आखडता घेणार. शिवाय लोक विचारणारच, चार वर्षं तुम्ही त्याच सरकारात होतात ना?

आणि गंमत म्हणजे १९६५ च्या त्या टिपणात हम्फ्री यांनी नेमका हाच धोका सांगितला होता. पण ते टिपण गोपनीय होतं. आपण आधीच बजावलं होतं हे त्यांना उघडपणे सांगताच येत नव्हतं.

सभांमध्ये पोरं घोषणा देऊन त्यांचं भाषण बंद पाडायची. सप्टेंबरच्या शेवटी गॅलपच्या चाचणीत ते रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन यांच्या १५ टक्क्यांनी मागे होते.

३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीमधून हम्फ्री टीव्हीवर बोलले. यावेळी समोरच्या टेबलावर उपराष्ट्राध्यक्षपदाचं बोधचिन्ह नव्हतं. मी बोलतोय तो उमेदवार म्हणून, हे त्यातून दाखवायचं होतं. शांततेसाठी धोका पत्करून आपण बॉम्बहल्ले थांबवू, असं ते म्हणाले. त्यातही अटी होत्या, शब्द जपून वापरले होते. तरी फरक पडला. घोषणाबाजी कमी झाली, देणग्या येऊ लागल्या, मागे हटलेले कार्यकर्ते परत यायला लागले. मॅकार्थींनी मात्र पाठिंबा द्यायला २९ ऑक्टोबर उजाडू दिला, तोही अगदी हातचं राखून.

३१ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी बॉम्बहल्ले पूर्ण थांबवल्याची घोषणा केली. पण दोनच दिवसांनी दक्षिण व्हिएतनामनं पॅरिसच्या चर्चेला यायला नकार दिला. निक्सन यांच्या गोटातून दक्षिण व्हिएतनामला 'थांबा, आम्ही आलो की तुम्हाला जास्त मिळेल' असे निरोप जात होते. जॉन्सन यांना हे कळलं होतं, पण त्यांनी ते जाहीर केलं नाही.

५ नोव्हेंबरला मतदान झालं. निक्सन ४३.४ टक्के, हम्फ्री ४२.७ टक्के. सव्वासात कोटींहून जास्त मतांत फरक होता साधारण पाच लाखांचा.

मग फक्त युद्धामुळेच हरले का?

नाही. जॉर्ज वॉलेस हे वर्णभेदाचे समर्थक तिसरे उमेदवार म्हणून उभे होते आणि त्यांनी साडेतेरा टक्के मतं घेतली. नागरी हक्क कायद्यांमुळे दक्षिणेतले गोरे मतदार डेमोक्रॅटिक पक्षापासून आधीच लांब चालले होते. दंगलींमुळे 'कायदा आणि सुव्यवस्था' हा मुद्दा मोठा झाला होता.

पण हम्फ्री यांनी महिनाभरात जवळपास सगळी पिछाडी भरून काढली, ती कशामुळे? कामगार संघटनांनी वॉलेसकडे गेलेले आपले लोक परत आणले हे एक, आणि सॉल्ट लेक सिटीचं भाषण हे दुसरं. हेच भाषण ऑगस्टमध्ये झालं असतं तर काय झालं असतं, यावर अमेरिकेत आजही वाद होतात.

मला यातून दिसतं ते एवढंच. पक्षात युद्धावरून दोन मतं होती म्हणून पक्ष कोसळला नाही. दोन मतं १९६५ मध्येही होती. पक्ष कोसळला कारण दुसरं मत मांडायला आत जागाच ठेवली नव्हती. उपराष्ट्राध्यक्षानं टिपण लिहिलं तर त्याला बैठकीला बोलावणं बंद. मतदारांनी प्रायमरीत सांगितलं तर त्या मताला किंमत नाही. मधला मसुदा काढला तर वरून नकार. सगळी दारं लावल्यावर लोक रस्त्यावर आले आणि रस्त्यावर पोलीस उभे होते.

पक्षालाही हे उमगलं. १९६९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षानं मॅकगव्हर्न यांच्या नेतृत्वाखाली आयोग नेमला आणि प्रतिनिधी निवडायचे नियम बदलले. आज आपण अमेरिकेच्या निवडणुकीत महिनोन् महिने चालणाऱ्या प्रायमरीच्या बातम्या बघतो, ती पद्धत इतकी पसरली ती शिकागोच्या त्या रात्रीमुळे. पण जखम लगेच भरली नाही. १९७२ मध्ये मॅकगव्हर्न स्वतः युद्धविरोधी उमेदवार म्हणून उभे राहिले. यावेळी जुने नेते आणि कामगार संघटनांमधले अनेक जण घरी बसले. मॅकगव्हर्न यांनी जिंकलं फक्त एक राज्य, मॅसॅच्युसेट्स, आणि राजधानी वॉशिंग्टन.

२०२४ मध्ये पुन्हा शिकागो

ऑगस्ट २०२४ मध्ये याच पक्षाचं अधिवेशन पुन्हा शिकागोत भरलं. यावेळी प्रश्न गाझाचा होता. अमेरिकेचे सैनिक तिथं लढत नव्हते, सक्तीची भरती नव्हती, त्यामुळे १९६८ शी थेट तुलना करता येत नाही. पण काही गोष्टी ओळखीच्या वाटतील.

फेब्रुवारीत मिशिगनच्या प्रायमरीत एक लाखाहून जास्त मतदारांनी बायडेन यांच्याऐवजी 'कुणालाच नाही' अशा अर्थाच्या पर्यायाला मत दिलं. जुलैमध्ये बायडेन वयाच्या प्रश्नावरून बाजूला झाले आणि उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस प्रायमरी न लढताच उमेदवार झाल्या. अधिवेशनात एका पॅलेस्टिनी वंशाच्या वक्त्याला बोलू द्या, अशी नाराज प्रतिनिधींची मागणी होती. ती मान्य झाली नाही आणि ते सभागृहाबाहेर ठाण मांडून बसले. ऑक्टोबरमध्ये एका टीव्ही कार्यक्रमात हॅरिस यांना विचारलं गेलं की, बायडेन यांच्यापेक्षा तुम्ही काय वेगळं केलं असतं? त्यांना एकही गोष्ट सांगता आली नाही.

फूट किती खोल होती, हे बघायला मिशिगनमधल्या आपल्या ओळखीच्या एका नावाकडे बघा. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार हे डेट्रॉइट भागातून डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलवरच्या भूमिकेवरून त्यांनी डेमोक्रॅटिक सोशलिस्ट्स ऑफ अमेरिका या डाव्या संघटनेचं सदस्यत्व सोडलं. त्यांच्या शेजारच्याच मतदारसंघातल्या, त्याच पक्षाच्या खासदार रशिदा तलैब मात्र मतदारांना सांगत होत्या की, प्रायमरीत बायडेन यांना मत देऊ नका.

नोव्हेंबरमध्ये हॅरिस मिशिगनमध्ये साधारण ८० हजार मतांनी हरल्या. महागाई आणि स्थलांतर हे देशभरातले मोठे मुद्दे होते, त्यामुळे सगळं खापर गाझावर फोडता येणार नाही. पण अरब मतदारांची मोठी वस्ती असलेल्या डिअरबॉर्न शहरात ट्रम्प पहिल्या क्रमांकावर आले, जिथं २०२० मध्ये बायडेन यांनी मोठी आघाडी घेतली होती.

आता शेवटचा हिशोब. १९६८ मध्ये पक्षाला काय महागात पडलं हे आपण बघितलं, पण त्याची किंमत पक्षापुरती राहिली नाही. निक्सन आले, चर्चा लांबली, शांतता करार व्हायला जानेवारी १९७३ उजाडला. १९६८ नंतर आणखी २१ हजारांच्या आसपास अमेरिकी सैनिक मेले. व्हिएतनामी लोकांचे बळी तर लाखांत होते. हम्फ्री यांचं टिपण १९६५ च्या फेब्रुवारीतलं होतं. तेव्हा अमेरिकेची लढाऊ पायदळ तुकडी व्हिएतनामच्या किनाऱ्यावर उतरायची होती.